ठकीची मान

"तिळाएवढी गं, तिळाएवढीच! जिभेवर ठेवायची न् वर बोटभर पाणी. नाटक सुटंस्तवर डोळा उघडायची न्हाय." छबूबाईने अंगठ्याच्या नखावर काळपट गोळी तोलून धरली होती.

चंद्राबाई आरशासमोर बसली होती. एका डोळ्यात काजळ घालून झालं होतं, दुसरा अजून कोराच होता. मांडीवरची सारजा तिच्या गळ्यातल्या खोट्या मोत्यांच्या सराशी झटत होती.

"आक्का, ती गोळी आधी लांब करा."

"अफू हाय, इख न्हवं. माझी समदी पोरं ह्याच्यावरच वाढली."

"आणि राहिली किती त्यातली?"

शब्द तोंडातून गेला आणि चंद्राबाईने जीभ चावली. छबूबाईचा एकच मुलगा हयात होता, आणि तोही आईला विचारत नव्हता. म्हणून तर म्हातारी या वयात नाटक कंपनीत अंबाडे घालायला आणि लुगडी धुवायला राहिली होती. छबूबाईने गोळी चिंधीत गुंडाळून कनवटीला लावली आणि चंद्राबाईच्या अंबाड्यात आकडे खोचायला लागली, जरा जोरातच.

रंगपट म्हणजे मांडवाच्या मागच्या अंगाला तरटाचा आडोसा. तरटापलीकडे बारामतीचा बाजार गजबजला होता. गुळाच्या ढेपांचे लिलाव, बैलांच्या घुंगरमाळा, मधूनच एखाद्या मोटारीचा भोंगा. आणि अलीकडे मांडवात बायका भरत होत्या. आजचा दुपारचा खेळ खास बायकांसाठी होता. पुढच्या सतरंजीवर वकील-डॉक्टरांच्या घरच्या. त्यांच्या मागे कन्हेरीच्या, सांगवीच्या, कऱ्हाटीच्या. भाजीच्या पाट्या रिकाम्या करून आलेल्या, रिकाम्या पाट्या मांडीखाली घेऊन बसलेल्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पदराखाली. पुरुषांच्या खेळाला मांडवात विड्यांचा धूर असतो, बायकांच्या खेळाला पोरांच्या रडण्याचा कालवा.

तरटावर बाहेरून थाप पडली. "चंद्राबाई, ऐकता ना?"

आबासाहेब, कंपनीचे मालक. आत यायचे नाहीत. बायकांच्या रंगपटात पाऊल टाकायचं नाही हा त्यांचा नेम होता. पण आवाजाला कसलाच नेम नव्हता.

"काल रात्री लोक हसले. राणी आपली कन्या नदीत सोडतेय, आणि विंगेत तुमचं पोर किंचाळतंय. माझ्या नाटकात, त्या प्रवेशाला, लोक हसले!"

"मालक, ती लहान आहे..."

"पलीकडच्या माळावर तंबूत बोलपट लागलाय, पाहिलात? तिथं नटीचं पोर रडत नाही. रडलंच तर तेवढं कापून टाकतात. मला कापता येत नाही." त्यांनी तरटावर पुन्हा थाप मारली. "आज पुन्हा आवाज आला, तर इंदापूरला राणी दुसरी. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

पावलं दूर गेली. दुसरी राणी कोण, हे विचारायची गरज नव्हती. कोपऱ्यात उकिडवे बसून चिंतामणराव दासीच्या चोळीत कापडाच्या घड्या भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चिंतामणराव एके काळी या कंपनीची राणी होते. त्यांच्या पदराची निरी कशी पडते ते पाहून गावोगावच्या गृहिणी घरी तशी नेसायला बघत. कऱ्हाटीहून मावशीने आणून सोडलेली आईवेगळी चंद्रा तेव्हा नाटकातल्या गोपाळांच्या घोळक्यात नाचायची. तिला शुद्ध बोलायला त्यांनीच शिकवलं. चालताना टाच आधी टेकायची नाही, रडताना नाक ओढायचं नाही, राणी हसली तरी तिचे दात दिसायचे नाहीत, हेही त्यांचंच. मग दिवस फिरले. 'स्त्रियांची कामे स्त्रियाच करणार' अशी पाटी ज्या कंपनीच्या दारावर, तिच्याकडे गर्दी जाऊ लागली. एका सकाळी आबासाहेबांनी तशी पाटी रंगवून आणली, आणि त्याच संध्याकाळी चिंतामणरावांनी स्वतःच्या हाताने चंद्राच्या डोक्यावर मुकुट बसवला. फक्त नथ तेवढी दिली नाही. त्यांचं नाक टोचलेलं नव्हतं. त्यांची नथ चापाची. "तुला खरी शोभेल," म्हणाले होते. पाटी राणीपुरतीच खरी होती, दासीचं काम त्यांच्याकडेच राहिलं.

सारजाचं नावही त्यांनीच ठेवलं. बारशाला माहेर नाही, सासर नाही. बाप रमाकांत पेटीवाला, कंपनीतच ओळख झालेला, जेजुरीला देवापुढे हार घालून लग्न केलेला. पोर पोटात असतानाच कोल्हापूरच्या बोलपटवाल्यांकडे गेला. "जम बसला की बोलावतो," म्हणाला. जम बसायला किती दिवस लागतात, कोण जाणे. तर रंगभूमीवर शारदेची पूजा झाली आणि त्या पूजेच्या फुलांतच पोरीला निजवून चिंतामणराव म्हणाले, "शारदा. पण हाक मारताना सारजा. घरात मोठं नाव चालत नाही."

"काका," चंद्राबाई आता म्हणाली, "पाजून ठेवते मी. दुसऱ्या अंकापर्यंत निजेल."

पण सारजा पिईना. नेहमीचंच. तोंडाला सफेदा लागला, ओठ लाल झाले, भुवया कोरल्या, की ही बाई कोण म्हणून पोर डोळे फाडून बघे, आणि मग ओठ काढी. सफेदा गळ्याखालीही लावावा लागे, त्याचा वास तिला सोसत नसे. चंद्राबाईने ओल्या फडक्याने छाती पुसली, गुणगुणून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. सारजा तोंड फिरवून चिंतामणरावांकडे झेपावली.

घंटा झाली.

विंगेत शिरता शिरता चंद्राबाईने मागे पाहिलं. सारजा चिंतामणरावांच्या खांद्यावर होती. आणि छबूबाई त्यांच्याजवळ जाऊन कनवटीची चिंधी सोडत होती. तिच्यामागे, तरटाच्या फटीतून, आबासाहेबांचा आवाज: "त्यांच्याकडे द्या. त्यांना कळतं काय करायचं ते."

पडदा वर गेला होता. परत फिरायला वाट नव्हती.

पहिला अंक तिने कसा केला ते तिचं तिलाच ठाऊक नाही. राजाशी बोलताना तिचा एक कान विंगेत होता. मांडवात पन्नास पोरं कुरकुरत होती, भोकाड पसरत होती, आया त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या. त्या सगळ्या कालव्यात सारजाचा आवाज नव्हता. नव्हता म्हणून बरं वाटावं, तर ती आणखीच कान देऊन ऐकत होती. प्रवेश संपला की धावत जाऊन बघावं, तर आबासाहेबांनी लुगडं बदलायची सोय मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या विंगेत ठेवली होती.

दुसरा अंक. निळं कापड दोन्ही बाजूंनी दोघे हलवत होते, ती नदी. कापडामागे दोरी बांधलेली टोपली. राणी चारुमतीच्या हातात शालीत गुंडाळलेली लाकडाची ठकी, तीच राजकन्या. कन्या जन्मली तर जिवंत ठेवायची नाही अशी राजाची आज्ञा, आणि राणी तिला नदीच्या हवाली करायला निघालेली.

"जा बाळे," चंद्राबाई म्हणाली, "ज्या नदीने मला माहेरचे पाणी पाजले, तीच आता तुझी आई..."

आणि सारजा रडली.

आधी एक बारीक कुईं, मग श्वास आत ओढल्याचा आवाज, मग किंकाळी. पन्नास पोरांत आणखी एक. पण चंद्राबाईच्या कानाला बाकीची पन्नास जणू मुकी झाली.

मांडवात खळबळ झाली.

"आगं बया, लेकरू रडतंय की!"

"लाकडाचं आसंल त्ये."

"लाकूड रडतं व्हय? आईक की नीट. भुकेचं रडनं हाय."

"राणीला दूध नसतंय बाई. राणीला दाई असती."

"मग कुठं मेली ती दाई?"

पुढच्या सतरंजीवरून कुणीतरी "शुक्" केलं. चंद्राबाईने आवाज चढवला, पुढचं वाक्य घेतलं. "निर्दय नाही मी, बाळे, मी केवळ पराधीन..." आणि तेवढ्यात रडणं थांबलं.

एकदम थांबलं. हुंदके देत, कमी होत होत नाही. दार लावल्यासारखं.

चंद्राबाईचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. चिंधीतली ती काळी गोळी तिला डोळ्यांपुढे दिसली. तिळाएवढी. म्हातारीच्या नखावरची तिळाएवढी की बोरीच्या बीएवढी? किती दिली? नव्या पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, पुन्हा धरला. निळं कापड हलत राहिलं. ठकी छातीशी घेऊन ती नुसती उभी होती, आणि पुढचं वाक्य शोधायला तिने श्वास घेतला तेव्हा छातीत ती ओळखीची कळ उठली, सुया टोचल्यासारखी, दोन्हीकडे, आणि पान्हा फुटला.

जरीकाठी चोळीवर आधी दोन ठिपके. मग ते पसरले. शाल पुढे ओढावी म्हणून तिने हात हलवला तर ठकी निसटायला लागली. ती तशीच उभी राहिली. रात्रीच्या खेळाला आता शिट्या पडल्या असत्या. तिने मान खाली घातली आणि शिट्यांची वाट पाहिली.

मांडव गप्प झाला. मांडीवरची पोरंसुद्धा गप्प झाली की काय, असा. आणि मग पाचव्या-सहाव्या ओळीतून एक थोराड बाई उठून उभी राहिली. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बगलेत रिकामी पाटी. सांगवीची प्रयागबाई. वांगी विकायला आलेली.

"आगं राणे," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? जा की! पाज जा तिला. आमी बसतो."

कुणी हसलं. पण ते हसणं वेगळं होतं. मागून दुसरी म्हणाली, "व्हय व्हय, जा. आमाला कुटं गाडी गाठायचीय!" पुढच्या सतरंजीवरची एक चष्मेवाली बाई, वकिलांची असावी, वळून म्हणाली, "बसू या हो, बसू या. तिला जाऊ द्या."

चंद्राबाईने ठकी मागच्या प्रवेशातून तसंच राहिलेल्या राजाच्या रिकाम्या आसनावर ठेवली. आडवी, मान सांभाळून. लाकडाची आहे हे त्या घाईत ती विसरली होती. आणि राणी चारुमती टाचा आधी टेकत, मुकुट एका हाताने धरत, विंगेत पळाली.

विंगेत चिंतामणराव पाठमोरे उभे होते. ते वळले. सारजा त्यांच्या खांद्याशी नव्हती, छातीशी होती. आणि दासीच्या त्या चोळीत भरलेल्या कापडाच्या घडीवर तोंड रोवून जीव खाऊन चोखत होती. चोळी लाळेने चिंब झाली होती. चिंतामणरावांच्या तोंडावर असा भाव होता, जणू जन्मभर बायकांची कामं केलेल्या त्या माणसाला त्याने फसवणूक केल्याचं आज पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

"घे लवकर," ते पुटपुटले. "हिला अजून कळलेलं नाही."

त्यांच्या उजव्या तळहातावर एक काळा डाग पसरला होता. गोळी घामात विरघळून गेली होती.

चंद्राबाईने पदराने तोंड पुसलं. खसाखसा, काजळासकट, सफेद्यासकट. पाण्याच्या तांब्यात पदर बुडवून गळा पुसला, छाती पुसली. सारजाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी ओठ काढला नाही.

पलीकडे मांडवात बायका वाट पाहत बसल्या होत्या. नाटक थांबलंय असं कुणाला वाटतच नव्हतं. वांग्याचा भाव काय लागला, कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाच्या सुनेला कितवा, अशा गप्पा चालल्या होत्या. पेटीवाला बिचारा एकच धून घोळवत होता. आबासाहेब विंगेच्या तोंडाशी आले, पाजणारी बाई दिसताच पाठ फिरवून उभे राहिले, आणि भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "बुडवलंत. बुडवलंत तुम्ही मला, चंद्राबाई."

त्यांना बाजूला सारून प्रयागबाई आत आली. कुणाला विचारलं नाही. हातात गुळाचा खडा आणि कुणाच्या तरी तांब्यातलं पाणी. "हं, तोंडात टाक. पाजताना रिकाम्या पोटी ऱ्हाऊ न्हाय. शेपू खातीस का?"

"कुठून खाणार?"

"आई न्हाय?"

चंद्राबाईने मान हलवली.

प्रयागबाईने तिच्याकडे, मग पोरीकडे, मग भिजलेल्या चोळीच्या चिंतामणरावांकडे पाहिलं. "ही कोन, तुजी सासू?"

"तसंच," चंद्राबाई म्हणाली. चिंतामणरावांनी पदर सावरला.

सारजा निजली. चंद्राबाई तोंड न रंगवताच रंगभूमीवर गेली. रंगवायला वेळच कुठे होता? मुकुट तेवढा सरळ केला. बायका एकमेकींना कोपराने ढोसून गप्प झाल्या. तिने आसनावरची ठकी उचलली, आणि तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं. जा बाळे, ज्या नदीने मला माहेरचे पाणी पाजले... टोपली दोरीने ओढली जाऊ लागली तेव्हा मागून एक आवाज कापत आला, "नगं सोडूस गं!" आणि मग अख्ख्या मांडवाचे पदर डोळ्यांना गेले.

नाटक सुटलं तेव्हा रंगभूमीच्या कडेला शेपूच्या जुड्या पडलेल्या होत्या. कुणी खारका ठेवल्या होत्या, कुणी पुडीत हळीव, कुणी गूळ. नटींना पदकं मिळतात, शाली मिळतात. चंद्राबाईला बाळंतिणीचा खुराक मिळाला. छबूबाई ते सगळं पाटीत गोळा करत होती आणि नाकाने सूं सूं करत होती. कंबरेची चिंधी तिने चुलीत टाकल्याचं नंतर चंद्राबाईने पाहिलं.

रात्रभर चंद्राबाईला झोप नव्हती. सारजा शांत होती, तीच कुशीवरून कुशीवर होत होती. एवढ्या बायका रडल्या. आबासाहेबांना ते दिसलंच असेल. दिसलं असेल, की नसेल?

सकाळी गाड्या भरताना आबासाहेबांनी सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते नीट समजावल्यासारखं बोलले. इंदापूरचा ठेका ज्यांनी ठरवला होता त्या मंडळींच्या कानावर सगळं गेलं होतं. राणी तोंड धुऊन आली, चोळी भिजलेली होती, खेळ मध्येच थांबवला.

"ते म्हणतात, राणी हवी, बाळंतीण नको. मी काय बोलणार? बाईचं काम करायला बाई ठेवली हे खरं. पण बाईला हे सगळं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाटी तेवढी झाकून ठेवू, राणी चिंतामणराव करतील. तुम्ही दासीचं काम करा. पोर मोठी होऊ द्या. मग बघू."

"मग म्हणजे कधी, मालक?"

आबासाहेब गाडीवानाला दोऱ्या आवळायला सांगायला गेले.

गाड्या निघाल्या. एका गाडीत गुंडाळलेले पडदे होते, राजवाडा आणि अरण्य एकात एक. त्यावर चंद्राबाई, मांडीवर सारजा, आणि समोर पाय दुमडून चिंतामणराव. दोन्ही अंगांना ऊस उभा होता. गुऱ्हाळाचा गोड धूर रस्त्यावर उतरला होता. चंद्राबाई सारजाचं अंगडं सारखं करी, पुन्हा सोडी, पुन्हा सारखं करी.

"काका," शेवटी ती म्हणाली, "गोळी तुमच्या हातात होती."

"होती."

"का नाही दिलीत?"

चिंतामणरावांनी तळहात उलटा करून पाहिला, जणू डाग अजून तिथेच आहे. "देणारच होतो. पोरीने आ केला होता. नुसती ठेवायची होती. मग तिला उचकी लागली. म्हटलं, उचकी थांबू दे. ती काही थांबेना."

"दिली असती तर राणी माझ्याकडे राहिली असती."

"हो."

"आणि नाही दिलीत म्हणून तुमच्याकडे आली."

"हो."

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहिल्या.

"हे तुम्हाला तेव्हा सुचलं होतं?"

चिंतामणराव उसाकडे बघत राहिले. केस पांढरे झाले होते, पण गाडीच्या हिसक्याबरोबर कपाळावर आलेली बट त्यांनी मागे सारली ती अजून राणीच्याच बोटांनी. "सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, चंद्रा. नटाला स्वतःची भूमिका केव्हाही सुचते. पोटच्या मुलीला जाळायला नेलं असतं तरी सुचली असती. पण हात मात्र हलला नाही. कशाने हलला नाही, ते मला विचारू नकोस. मला सांगता येणार नाही."

चंद्राबाईला काय वाटलं ते तिलाही धरता येईना. पाया पडावं असंही वाटलं आणि गाडीतून उतरून चालत जावं असंही. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. सारजा रडायला लागली तशी तिने पदर घेतला. चिंतामणराव पाठमोरे होऊन बसले.

इंदापुरात पोचताच त्यांनी आपली जुनी ट्रंक उघडली. तळाशी, मखमली बटव्यात, चापाची नथ होती. चाप गंजला होता. नाकाला लावून पाहिली तर निसटू लागली. चंद्राबाईने त्यांच्या हातातून ती घेतली, चाप दातांनी दाबला, आणि त्यांच्या नाकावर नीट बसवून दिली.

"दुखतंय?"

"दुखायलाच हवी. नाहीतर पडते."

इंदापूरच्या बायकांच्या खेळाला जागा पुरेना. बारामतीची गोष्ट बाजाराबरोबर चालत आधीच इथे येऊन बसली होती. "त्या पाजणाऱ्या राणीची कंपनी हीच का?" असं विचारत बायका कनातीशी गर्दी करत होत्या. आबासाहेबांनी गर्दी पाहिली, मिशीवरून हात फिरवला. पण दिलेला शब्द बदलला नाही.

राणी रंगभूमीवर आली आणि कुजबूज झाली.

"ही न्हवं ती."

"ती तरणी हाय म्हनत हुते."

"आगं, हा बाप्याच हाय!"

विंगेत चंद्राबाई दासीच्या वेषात उभी होती. काल-परवापर्यंत जिथे चिंतामणराव उभे असत, नेमकं तिथेच. चोळी त्यांचीच, आतल्या घड्या काढल्यावर तिला जरा सैल होत होती. कडेवर सारजा, पोट भरलेली, डोळे मिटत आलेली. मांडवातली कुजबूज ऐकून चंद्राबाईचं मन नको तसं उचंबळलं. बोलवा, ती मनात म्हणाली, मला बोलवा. एकदा कुणीतरी उठून उभी राहा आणि म्हणा, की आमची ती राणी कुठे आहे? आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, कारण दिव्यांच्या उजेडात चिंतामणरावांच्या मानेवरून घामाची धार उतरताना तिला दिसत होती. एक शब्द अडखळला. त्यांचा कधी अडखळत नसे.

दुसरा अंक. निळं कापड हलू लागलं. राणी शालीतली कन्या घेऊन नदीकाठी आली.

पूर्वी चिंतामणराव ठकी धरत ती फुलांच्या गुच्छासारखी. सुंदर दिसे, मनगट कुठे वळतं, बोटं कुठे सुटतात, सगळं बेतलेलं. चंद्राबाईनेही पहिल्या वर्षी तशीच धरली होती, त्यांनी शिकवल्याप्रमाणे.

आज त्यांनी तशी धरली नाही. कोपराची खोबण केली, ठकीचं डोकं तिच्यात ठेवलं. "जा बाळे," म्हणत टोपलीकडे वाकले, आणि उजव्या हाताचा तळवा, तोच, लाकडाच्या त्या न वळणाऱ्या मानेखाली सरकवला. आधी मान सांभाळली, मग पाठ टेकवली, मग हळूच हात काढून घेतला. सारजाला निजवताना काढतात तसा, झोप मोडू नये म्हणून.

मागून एक बाई दुसरीला म्हणाली, दबक्या आवाजात, पण विंगेपर्यंत आलंच ते:

"लेकरू धरायचं ठावं हाय गं ह्याला."

आणि मग नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले, पदरांची सळसळ. "ती कुठाय" असं पुन्हा कुणी विचारलं नाही.

चिंतामणराव रिकाम्या हातांनी विंगेत आले. नथीने नाक लाल झालं होतं. ते धापा टाकत होते. पदराने तोंड टिपलं, आणि पहिलं काम केलेला पोरगा मास्तरांना विचारतो तसं विचारलं,

"मान धरली होती ना नीट?"

"धरली होती," चंद्राबाई म्हणाली.

घंटा झाली. ते पुढच्या प्रवेशाला गेले.

दोरीने ओढलेली टोपली नदी ओलांडून चंद्राबाईच्या पायाशी येऊन थांबली होती. छबूबाई रोज ठकीला एका तंगडीला धरून पेटीत टाकत असे. आज ती पुढे झाली, पण चंद्राबाईने तिला हाताने थांबवलं. एका कडेवर निजलेली सारजा तशीच ठेवून ती वाकली, मोकळा हात लाकडी मानेखाली घातला आणि ठकीला उचललं. बाहेर राणीची, परवापर्यंत तिची असलेली वाक्यं चालली होती. ओठ हलवत ती एकेक वाक्य बरोबर म्हणत होती, आणि दोघींना घेऊन अंधारात उभ्या उभ्याच थोडी डुलत होती.